मखमल लावलेली काठी

वकिलानं पाण्याचा तांब्या मागवला.

मला वाटलं, प्यायला. उन्हाळ्याचे दिवस, स्टुडिओचं छप्पर काचेचं, खुर्चीवर बसलेला माणूस घामाघूम व्हायचाच. मास्तर स्वतः आत जाऊन तांब्या घेऊन आले. वकील उठला, मोरीपाशी गेला आणि माझ्यादेखत हनुवटी धुतली. फक्त हनुवटी. गाल नाही, कपाळ नाही. माझी दोन बोटं जिथं लागली होती तेवढीच जागा, चोळून चोळून. मग उपरण्यानं पुसली आणि परत येऊन खुर्चीवर बसला.

चूक मास्तरांची होती, असंही म्हणता येईल. मी हनुवटी उचलत होतो तेवढ्यात ते कॅमेऱ्यामागून कौतुकानं म्हणाले होते, "वकीलसाहेब, हा माझा शिष्य. महाराचा मुलगा, पण डोळा बघा काय आहे!"

त्या कौतुकावर हे पाणी पडलं.

"मला स्वतःला काही नाही हो," वकील म्हणाला. "पण घरी सोवळं आहे. आईंना कळलं तर उगाच..."

"नवा आहे तो," मास्तर म्हणाले. "पलटणीतून आलाय. त्याला रीत ठाऊक नाही."

वकिलाच्या अंगावर खादी होती. नुकताच तुरुंगातून सुटून आलेला. त्याच आठवड्यात मारुतीच्या देवळापुढं त्याचं भाषण झालं होतं, आणि अस्पृश्यता हा देशाला लागलेला डाग आहे, तो धुऊन काढा, असं म्हणताना त्यानं टेबलावर मूठ आपटली होती. मी गर्दीच्या मागं उभा राहून टाळ्या वाजवल्या होत्या. डाग कसा धुतात ते मला स्टुडिओत बघायला मिळालं.

मी खाली बघत उभा राहिलो. फोटो निघाला. चांगला निघाला.

आमचं गाव पलूसच्या बाजूला. बाप मी लहान असतानाच गेला. आई दुसऱ्यांच्या रानात भांगलायला जायची, आणि वाड्यावरचं कुणी चाललं की वाटेच्या कडेला सरून मान खाली घालून उभी राहायची. लढाई लागली तशी मी भरती झालो. पलटणीत मला कॅमेऱ्यावर घातलं. मलाच का, ते त्या साहेबालाच ठाऊक. काम एकच. आलेल्या प्रत्येक जवानाचा फोटो काढायचा. छातीवर पाटी, पाटीवर नंबर, तोंड समोर.

खेड्यातलं पोर कॅमेऱ्यापुढं बसलं की हनुवटी छातीत रुतवून बसतं. "वर कर" म्हटलं की सगळं तोंड आभाळाकडं करतं, मग गळ्याची घाटी तेवढी दिसते. सांगून हनुवटी वर होत नाही. दोन बोटं खाली लावायची, हलकेच उचलायची आणि सोडून द्यायची. फोटोच्या धंद्यातलं पहिलं काम हे. मी मराठ्यांच्या हनुवट्या उचलल्या, जाटांच्या उचलल्या, एका पठाणाची तर दाढीसकट उचलली. कुणी धुतली नाही. साहेब मागं उभा असायचा म्हणूनही असेल. पण धुतली नाही एवढं खरं.

लढाई संपली, आम्हाला घरी लावून दिलं. डोक्यात एकच खूळ होतं. फोटो काढायचे, पण पाटी नसलेल्या माणसाचे. त्या पोरांची तोंडं झोपेत माझ्यापुढून जायची आणि सगळी एकसारखीच दिसायची. मला ते सोसवत नव्हतं. कुणाकडून तरी शिकायला हवं होतं, समोर बसवून, हाताला धरून. साताऱ्याला गेलो. एका फोटोग्राफरनं जात विचारली. दुसऱ्यानं तीही विचारली नाही, गाव आणि आडनाव ऐकलं आणि दारापर्यंत पोचवायला आला.

मग सांगली. तिथल्या या मास्तरांचं नाव मोठं होतं. पुण्यामुंबईच्या प्रदर्शनांत त्यांचे फोटो लागायचे. ते एका वेळी एकालाच शिकवतात, पण घडवून सोडतात, असं लोक सांगायचे. मी काढलेल्या फोटोंचं पुडकं त्यांनी सोडलं, टेबलावर पत्त्यांसारखं पसरलं आणि बराच वेळ बघत बसले.

"तू कोण ते मला कळलं," ते म्हणाले. "माझं त्यावर काही म्हणणं नाही. मला डोळा लागतो. तुला डोळा आहे, पण तो झोपलाय. नंबर काढून काढून दगड झालाय त्याचा. मी जागा करीन."

माझ्याशी आजवर कुणी असं बोललं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सकाळी ते शिकवणार, बाकीचा दिवस मी काळोख्या खोलीत फोटोच्या काचा धुणार, असं ठरलं. काळोखाची खोली माझी, उजेडाची त्यांची. एक दिवस तू उजेडाच्या खोलीत एकटा उभा राहशील, गिऱ्हाईक तुझं असेल आणि फोटोच्या पुठ्ठ्यावर खाली तुझं नाव असेल, असं त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं. त्या बोलण्यावर मी पुढचे सगळे दिवस काढले.

वकिलाच्या प्रसंगानंतर दुसऱ्याच दिवशी मास्तरांनी काठी केली.

वेताची बारीक काठी. टोकाला कापसाची गुंडी, तिच्यावर खुर्चीच्या गादीतली उरलेली लाल मखमल, दोऱ्यानं नीट आवळून बांधलेली. सुबक होती. त्यांच्या हाताला कला होती, ती इथंही दिसत होती.

"घे," ते म्हणाले. "तुझ्यासाठी खास केली. आता कुणाची कुरकुर नको. तुझं कामही अडायला नको."

आणि मला बरं वाटलं! आज त्याचा संताप येतो, पण तेव्हा खरंच बरं वाटलं. आपल्यासाठी या माणसानं बसून दोरा गुंडाळला, असं मनात आलं. मी काठी दोन्ही हातांनी घेतली.

मास्तर स्वतः हात वापरायचे. ते उभे असले की बोटांनी हनुवटी उचलायचे, पदर सारखा करायचे, पागोटं नीट बसवायचे. मला कधी मदतीला बोलावलं की मात्र मी काठी घेऊन यायचो. हात लांब करून, कमरेत थोडा वाकून काठीचं टोक हनुवटीखाली न्यायचं. मोठी माणसं हसायची. लहान पोरं रडायची, शाळेतल्या मास्तरासारखा मी मारतोय असं त्यांना वाटायचं. तो वकील पुन्हा एकदा आला, मखमलीवरून बोट फिरवून म्हणाला, "वा मास्तर! युक्ती नामी आहे." मास्तर खूश झाले.

शिकवलं त्यांनी. ते मी नाकारत नाही. कॅमेरा खुंटीला अडकवून ठेवायला लावायचे आणि सांगायचे, "नदीवर जा. घाटावर बस. एकच वस्तू बघ. दुपारपर्यंत तीच बघ. दुसरीकडं नजर गेली तर उठून ये."

मी गेलो. कृष्णेच्या घाटावर दोन पायऱ्या उतरलो असेन, वर बसलेल्या म्हाताऱ्यानं हाक मारली.

"कुनाचा रं तू?"

एवढंच. दम नाही, शिवी नाही. पण त्या प्रश्नाला खोटं उत्तर द्यायला माझी जीभ तयार नव्हती आणि खरं दिलं तर तिथं बसायची सोय नव्हती. मी पायऱ्या चढून वर आलो आणि नदीच्या काठाकाठानं खाली गेलो, जिथं म्हशी धुतात तिथं. दुपारपर्यंत एका म्हशीची ओली पाठ बघत बसलो. पाणी निथळताना उजेड कसा सरकतो, वाळत आलेल्या जागी कसा मरतो, ते बघितलं. इतकं नीट मी त्याआधी काहीच बघितलं नव्हतं. मनात एकदम काही तरी उघडल्यासारखं झालं.

मास्तरांना सांगितलं तर त्यांनी मांडीवर थाप मारली. "म्हैस! मी घाटावर पाठवलं आणि हा म्हैस घेऊन आला! बघ, जागा होतोय डोळा." घाट सोडून म्हशींकडं का गेलास, हे त्यांनी विचारलं नाही. पुढं ते आल्यागेल्याला ही गोष्ट सांगायचे. देवळं, घाट सगळे बघतात, माझ्या शिष्यानं म्हैस बघितली, म्हणायचे. मी बाजूला काठी घेऊन उभा असायचो.

असं माझं चाललं होतं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. दिवसभर काळोख्या खोलीत लाल दिव्याखाली गावच्या मोठ्या लोकांची तोंडं माझ्या हाताखाली पाण्यात उमटायची. त्या पाण्यात मी बोटं घालायचो, त्यांच्या गालांवरून, कपाळावरून फिरवायचो, कुणाचं काही बिघडत नव्हतं. बाहेर उजेडात आलो की तेच हात पाठीमागं. फोटो धुवायच्या औषधानं बोटं तपकिरी झाली होती. घरी गेलो की आई ती राखेनं घासायची, निघायची नाहीत. रात्री वाटायचं, उद्या जायचं नाही. सकाळी मास्तर नवीन काही तरी सांगायचे, खिडकीला काळा कागद लावून एका भोकातून येणारा उजेड दाखवायचे, आणि मी पुन्हा अडकायचो. दुसरीकडं हे मला कोण शिकवणार होतं? मी हिशेब करून बघायचो, उत्तर एकच यायचं. कुणी नाही.

"मास्तर, मी उजेडाच्या खोलीत कधी उभा राहू?" मी विचारायचो.

"अजून नजर तयार नाही."

स्वातंत्र्य आलं. त्या दिवशी स्टुडिओत पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो टोपी घालून, हातात झेंडा धरून फोटोला बसत होता. मास्तरांना एकट्याला आवरेना, म्हणून मला दिवसभर उजेडाच्या खोलीत घेतलं. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या हनुवट्या मी संध्याकाळपर्यंत काठीनं उचलत होतो. मखमलीवरचा रंग घामानं काळा पडला होता. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी नवी मखमल लावली.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी ते म्हणाले, "तुझ्या आईला घेऊन ये. तिचा फोटो तू काढ. मी मदतीला उभा राहतो. तो जमला की तू तयार झालास, मी तसं सगळ्यांना सांगीन. पुठ्ठ्यावर तुझं नाव घालू. मुंबईच्या प्रदर्शनाला पाठवू."

मी त्याच दिवशी गावाकडं पळालो.

आई म्हणाली, "मला म्हातारीला कशाला खुर्चीत घालतुयास? लोकं हसत्याल."

"आई, तू नुसतं बसायचं. मी दोन बोटं लावून हनवटी वर करीन. भ्यायचं न्हाई."

"मर मेल्या! माज्या हनवटीला काय झालंय?" म्हणाली आणि हसली. तिच्या हनुवटीवर गोंदणाचा एक हिरवा ठिपका होता. लहानपणी मी तिच्या मांडीवर झोपून तो खालून बघायचो. बाकी कुणाला तो नीट दिसत नसे, कारण तिची मान कायम खाली. मी ठरवलं होतं, फोटोत तो ठिपका आला पाहिजे. मला तेवढंच हवं होतं.

ती तिचं बरं लुगडं नेसून, केसांना तेल लावून मोटारीनं सांगलीला आली. स्टुडिओच्या दारात चप्पल काढून हातात घेतली. मी ती तिच्या हातातून घेतली आणि खाली ठेवली. आमच्या आधी एक नवी नवरी फोटोला बसली होती. मास्तरांनी तिची हनुवटी बोटांनी उचलली, नथ सारखी केली, "हां, हस बाळ," म्हणाले. आई कोपऱ्यातून ते बघत होती. मीही बघत होतो.

मग आई खुर्चीत बसली. अर्ध्याच खुर्चीत, कडेला. मी कॅमेऱ्यामागं गेलो, काळं कापड डोक्यावर घेतलं. उजेडाच्या खोलीत पहिल्यांदाच मी त्या कापडाखाली होतो.

कॅमेऱ्याच्या काचेवर सगळं उलटं दिसतं. आई डोकं खाली, खुर्ची वर. पण रंग सगळे खरे. मी तो हिरवा ठिपका शोधला, त्याच्यावर काच साधली, तो सुईच्या टोकासारखा स्पष्ट झाला. पण मान खाली होती. मी बोटं लावायला बाहेर यायला निघालो.

"तू आतच थांब," मास्तरांचा आवाज आला. "काच हलवू नकोस. मी करतो."

मला आनंद झाला. मास्तर माझ्या आईची हनुवटी उचलणार! त्या क्षणी मी त्यांचे सगळे अपराध माफ केले होते. मी काचेत बघत राहिलो. आता बाजूनं त्यांचा हात येईल, बोटं येतील.

काचेत बाजूनं लाल मखमल आली.

हळूहळू सरकत आली. आईच्या हनुवटीला लागली. हिरवा ठिपका तिच्याखाली झाकला गेला. आई दचकली, डोळे मिटून घेतले. ते सगळं मी उलटं बघितलं, कापडाखाली, माझ्याच श्वासाच्या उकाड्यात. आणि तिथंच मला सगळं सरळ दिसलं. काठी माझ्यामुळं नव्हती. गिऱ्हाइकांच्या सोवळ्यामुळं नव्हती. आज खोलीत कुणी वकील नव्हता, कुणाची आई घरी वाट बघत नव्हती. ही काठी या माणसाची स्वतःची होती. इथून पुढं हे सांगताना मी त्याला अहोजाहो करणार नाही.

मी कापड फेकलं आणि बाहेर आलो.

"मास्तर, काठी ठेवा. हातानं उचला."

तो हसला. "अरे, जवळच होती, हाताशी आली. त्यात काय एवढं? उजेड चाललाय, आत जा."

"हातानं उचला."

"मी तुला आजवर कधी भेदानं वागवलं?"

"हातानं."

त्यानं काठी टेबलावर ठेवली. हात पुढं केला. तो हात मी रोज बघत होतो. आत्ताच नवरीच्या हनुवटीला लागलेला. तो निम्म्या वाटेवर आला आणि थांबला. त्याला पुढं न्यायचा होता, मला वाटतं खरंच न्यायचा होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता. पण हात जाईना. मग त्यानं तो मागं घेतला आणि धोतराला पुसला.

शिवला नव्हता. न शिवताच पुसला.

आईनं डोळे उघडले होते. ती त्याच्या तोंडाकडं सरळ बघत होती. जन्मात पहिल्यांदा तिनं असल्या माणसाकडं सरळ बघितलं असेल. हनुवटी आपोआप वर आली होती, ठिपका उजेडात आला होता. मी कॅमेऱ्याकडं वळलो नाही.

"आवं मास्तर," ती म्हणाली, "काठीनं ढोरं हाकत्यात. आन् आता तुमचा हात बी नगं मला."

ती उठली. दारात जाऊन तिनं चप्पल पायात घातली, आतल्या बाजूला उभी राहूनच घातली. मी तिच्यामागं निघालो.

मास्तर ओरडला नाही. त्याचा आवाज उलट मऊ झाला. "जा. पण बाहेर तुला कोण शिकवणार आहे? पुन्हा छातीवर पाट्या लावून फोटो काढत बसशील. मी जागा केलेला डोळा वर्षभरात झोपी जाईल. माझ्याशिवाय तू काही नाहीस, हे तुलाही ठाऊक आहे."

मला ठाऊक होतं. तेच तर भय मला इतके दिवस त्या खोलीत बांधून ठेवत होतं. पण त्या पुसलेल्या हातापुढं ते भय एकदम हलकं झालं. मी त्याला म्हणालो, "डोळा झोपला तर झोपू दे. हात माझा हाय." आणि बाहेर पडलो.

आईचा फोटो माझ्याकडं नाही. मी पुढं पुष्कळदा म्हणालो, पण ती परत कधीच कॅमेऱ्यापुढं बसली नाही. "एकदा बसले की," म्हणायची. ती गेली. ठिपका मला आठवतो, पण माझ्या पोरांना मी तो दाखवू शकत नाही. त्याची भरपाई नाही आणि मी ती शोधतही नाही.

पलटणीतल्या एका सोबत्याकडून जुना कॅमेरा मिळवला आणि तासगावच्या बाजारात, रस्त्याच्या कडेला एक चादर बांधून, पुढं स्टूल ठेवून बसलो. मास्तरानं सांगितलेल्या पुष्कळ गोष्टी तिथं निरुपयोगी ठरल्या, काही उपयोगी पडल्या. त्या मी वापरतो. त्याबद्दल त्याचे आभार मानत नाही. शिकवण्याची पुरेपूर किंमत आम्ही दोघं मायलेकरं मोजून आलो होतो.

पहिलं गिऱ्हाईक एका पाटलाचा पोरगा. पलटणीत चालला होता, घरी ठेवायला फोटो हवा होता. चांगला दांडगा, फेटा बांधलेला. स्टुलावर बसला आणि हनुवटी छातीत रुतवली. मी पुढं झालो.

"थांब रं," तो म्हणाला. "सांगलीच्या मास्तराकडं काठीवाला होता, त्यो तूच न्हवं का? काठी कुठं हाय तुझी?"

"काठी न्हाई. हातच हाय."

त्यानं आजूबाजूला बघितलं. बाजार भरलेला, लोक थांबून बघत होते. तो उठला, फेटा सारखा केला आणि गर्दीत निघून गेला. त्या दिवशी दुसरं कुणीही बसलं नाही. संध्याकाळी मी चादर सोडली, घडी घातली आणि पुढच्या बाजारी त्याच जागी परत बांधली.

तेव्हापासून माझी एक रीत आहे. कुणीही येवो, पाटील येवो, वकील येवो, खादी घालून येवो की मळकं धोतर नेसून. तो स्टुलावर बसण्याआधी मी त्याच्यापुढं माझा उजवा हात उघडून धरतो. तपकिरी बोटं, डाग न गेलेली. आणि सांगतो, हा हात तुझ्या हनुवटीला लागणार. नीट बघून घे. चालत असेल तर बस.